आधी व्यायाम की आधी ब्रेसेस?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी ११ वर्षांची असून सहावीत शिकते. तिचे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. दाढा मिटल्या तरी समोर करंगळीचे टोक जाईल एवढी फट राहते. सँडविच खाताना ब्रेड तुटतो, पण आतली काकडीची चकती अख्खी ओढून बाहेर येते. टीव्ही पाहताना आणि अभ्यास करताना तिचे तोंड उघडेच असते, झोपेत ती थोडी घोरते आणि ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या फटीतून डोकावते. पाच वर्षांची होईपर्यंत ती अंगठा चोखत असे. येथील, म्हणजे यवतमाळच्या, ऑर्थोडॉन्टिस्टांनी (वेडेवाकडे दात तारांनी सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी) ‘दोन वर्षे ब्रेसेस लावू, फट बंद होईल’ असे सांगितले. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र आधी नाक तपासून घ्या, मग टाळू रुंद करावा लागेल आणि त्याबरोबर मायोफंक्शनल थेरपी, म्हणजे जीभ-ओठांचे व्यायाम, किमान सहा महिने करावे लागतील असे सांगितले. माझ्या जाऊबाईंच्या मुलाला चौदाव्या वर्षी ब्रेसेस लावल्या होत्या. त्या काढल्यावर दीड-दोन वर्षांतच फट पुन्हा उघडली, त्यामुळे एवढा खर्च करून उपयोग काय, असे सासूबाई म्हणतात. ह्यांचे म्हणणे असे, की व्यायामानेच काम होणार असेल तर ब्रेसेस हव्यात कशाला. त्यांनी ऑनलाइन मिळणारा, तोंडात घालायचा सिलिकॉनचा ‘ट्रेनर’ही पाहून ठेवला आहे. आम्ही नेमके कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते आणि मग त्यामागची कारणे सविस्तर सांगते. तुमच्या वर्णनावरून नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मला योग्य वाटतो, आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या ब्रेसेसही तुमच्या लेकीला बहुतेक लागतीलच. या दोन सल्ल्यांत तुम्हाला जो विरोध दिसतो आहे तो मुख्यतः क्रमाचा आहे. व्यायाम आणि ब्रेसेस यांतून एकाची निवड करायची, अशी चर्चा घरात सुरू झालेली दिसते. ती थांबावी, एवढ्यासाठी हे उत्तर जरा लांबणार आहे.

दात सरकतात कसे, इथून सुरुवात करावी लागेल. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका पण बराच काळ टिकणारा दाब आला, की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते आणि दात सावकाश सरकतो. ब्रेसेसची तार हेच घडवून आणते. परंतु तार लागण्याच्या कितीतरी आधीपासून, दात हिरडीतून वर येत असतानाच, आतून जीभ आणि बाहेरून ओठ व गाल त्याची जागा ठरवत असतात, आणि तार निघून गेल्यावर तोंडात तेच उरतात. तारेने दात एका जागी नेले आणि जीभ त्यांना दुसरीकडे ढकलत राहिली, तर तारेचा मुक्काम दोन वर्षांचा आणि जिभेचा जन्मभराचा असल्यामुळे शेवटी कोणाचे चालणार, हे उघड आहे.

इथे एक जुना गैरसमजही दूर करायला हवा. १९६०च्या सुमारास, गिळताना जीभ दातांवर आदळते म्हणून फट पडते, असे मानले जाई आणि व्यायामांचा सगळा भर गिळण्यावर असे. १९७८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी हा हिशेब नीट मांडला. माणूस दिवसाला जास्तीत जास्त हजारेक वेळा गिळतो आणि दर वेळी जिभेचा दाब जेमतेम एक सेकंद टिकतो, म्हणजे चोवीस तासांत सगळा मिळून तो पाव तासाच्या आसपास भरतो. दात सरकण्यासाठी दाब रोज कित्येक तास टिकावा लागतो, तेव्हा एवढ्याने फट पडत नाही. बोलणे, खाणे, गिळणे सोडून उरलेल्या वेळात जीभ जिथे पडून राहते, त्याने ती पडते किंवा टिकते. त्यामुळे चांगल्या थेरपीचा मुख्य रोख जिभेच्या विश्रांतीच्या जागेवर असतो, आणि तुमच्या लेकीला व्यायाम शिकवणाऱ्यांनी सगळा वेळ केवळ गिळण्यावर घालवला तर तुम्ही त्यांना याबद्दल अवश्य विचारावे.

विश्रांतीची योग्य स्थिती अशी असते : ओठ सहज मिटलेले, वरच्या आणि खालच्या दाढांत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे, जिभेचा बाकीचा भागही टाळूला टेकलेला आणि श्वास नाकातून. तोंड उघडे राहिले, की जीभ खाली उतरते आणि पुढे सरकून दातांच्या मधल्या जागेत बसते. मग पुढच्या दातांना पुरते वर यायला वाव मिळत नाही. वरच्या दाढांना आतून जिभेचा आधार राहत नाही, गाल मात्र बाहेरून दाबत असतात, त्यामुळे टाळू अरुंद आणि खोल होतो. शिवाय दाढा एकमेकींवर पुरेशा टेकत नसल्यामुळे गरजेपेक्षा जास्त उगवतात, आणि जबडा दाराच्या बिजागरीसारखा मागून उघडत असल्यामुळे मागची दाढ एक मिलिमीटर जास्त उगवली की पुढची फट त्याच्या दुपटीने किंवा त्याहूनही जास्त वाढते. तुमच्या लेकीच्या तोंडात यातले नेमके काय आणि किती झाले आहे, ते तपासणीत आणि डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये, म्हणजे सेफॅलोग्राममध्ये, कळेल.

पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, ती म्हणजे अंगठा पाचव्या वर्षी सुटला ही. पुढचे कायमचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी अंगठा सुटला तर बहुतेक मुलांमध्ये फट आपोआप भरून येते. तुमच्या लेकीची फट सहा वर्षे उलटूनही भरली नाही, याचा अर्थ अंगठा गेल्यावर त्या जागेचा ताबा दुसऱ्या कशाने तरी घेतला असणार, आणि उघडे तोंड, घोरणे व ‘स’ म्हणताना डोकावणारी जीभ ही तिन्ही लक्षणे जीभ व नाक यांच्याकडे बोट दाखवतात.

म्हणून आधी नाक. ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनी १९०७ सालीच तोंडाने श्वास घेणे हे दात-जबडे बिघडण्याचे सर्वांत प्रबळ कारण म्हणून नोंदवले होते. आज कोणी ते इतक्या ठामपणे म्हणत नाही, कारण प्रत्येकाचे शरीर वेगळी वाट काढते. कॅलिफोर्नियात एगिल हारवोल्ड यांनी ऱ्हिसस माकडांच्या नाकपुड्या बंद करून वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १९८१ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला. कोणी माकड जबडा खाली लोंबता ठेवून श्वास घेऊ लागले, कोणी जीभ पुढे काढून, आणि ज्याची जशी सवय तसा त्याच्या दातांचा बिघाड वेगळा झाला. बंद नाक पाहून कोणत्या मुलाचे दात कसे होतील हे आधी सांगता येत नाही, पण नाक बंद असताना तोंड मिटण्याचा व्यायाम सांगणे हे मुलावर अन्याय करणारे आहे, एवढे निश्चित सांगता येते. ज्या वाटेने हवा येते ती वाट मूल सोडणार नाही, आणि सोडूही नये.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणी तिथेच होऊ शकेल. नाकामागची अॅडिनॉइडची गाठ वाढली आहे का, टॉन्सिल मोठे आहेत का, अॅलर्जीमुळे नाकातले अस्तर सुजलेले असते का, नाकाचा पडदा वाकडा आहे का, हे तिथले डॉक्टर पाहतील. अॅडिनॉइड साधारण तीन ते सात या वयात सर्वांत मोठे असतात आणि पौगंडावस्थेत आक्रसतात, त्यामुळे ११व्या वर्षी अॅलर्जीचीच शक्यता अधिक असू शकते आणि ती औषधाने, नाकात मारायच्या फवाऱ्याने आटोक्यात येते. जाताना झोपेतला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, कारण घोरण्याचे वर्णन करण्यापेक्षा तो ऐकवणे केव्हाही चांगले. श्वास मध्येच थांबून दचकल्यासारखा सुरू होतो का, रात्री अंथरूण ओले होते का, घाम फार येतो का, सकाळी डोके दुखते का आणि शाळेत पेंग येते का, हेही सांगा. श्वास खरोखर अडत असेल तर झोपेची तपासणी लागू शकते, आणि लहान मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल-अॅडिनॉइड काढणे हाच अशा वेळी सहसा पहिला उपचार असतो. जिभेच्या व्यायामांनी झोपेतल्या श्वासरोधाचे प्रमाण मोठ्यांमध्ये सुमारे निम्म्याने आणि मुलांमध्ये त्याहूनही अधिक घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले होते. हा आधार चांगला आहे, पण तो शस्त्रक्रियेच्या जागी वापरायचा नाही. आणि कृपा करून रात्री मुलीच्या ओठांवर चिकटपट्टी लावण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. नाक मोकळे असल्याची खात्री नसताना मुलाचे तोंड बंद करणे धोक्याचे आहे.

नाक मोकळे झाल्यावर दुसरा प्रश्न जागेचा. जीभ टाळूला टेकवायची तर टाळू तेवढा रुंद असला पाहिजे. अरुंद, खोल टाळूत जीभ मावतच नाही आणि मुलीने कितीही मनापासून प्रयत्न केला तरी ती घसरून खाली येते. वरच्या जबड्याचे दोन अर्ध टाळूच्या मध्यरेषेत एका शिवणीने जोडलेले असतात आणि वाढत्या वयात ती शिवण उघडता येते. त्यासाठी दाढांना एक्सपान्डर नावाचे उपकरण बसवतात आणि त्यातला स्क्रू तुम्हाला घरी किल्लीने फिरवावा लागतो. एका पाव फेऱ्याने सुमारे पाव मिलिमीटर जागा मिळते, काही आठवड्यांत हवे तेवढे रुंदीकरण होते, आणि मग नव्या हाडाची भर पक्की होईपर्यंत उपकरण काही महिने तसेच ठेवावे लागते. या काळात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट दिसू लागते. घाबरू नका, ती शिवण उघडल्याची खूण आहे आणि पुढे मिटते. मुलींमध्ये ही शिवण मुलांपेक्षा लवकर घट्ट होते, म्हणून पाळी सुरू झाली असेल किंवा व्हायच्या बेतात असेल, तर ते डॉक्टरांना न संकोचता सांगा, कारण त्यावर त्यांचे वेळापत्रक ठरते. ‘दोन वर्षे थांबून बघू’ हा सल्ला अनेक घरांत मिळतो. इतर बाबतींत तो शहाणपणाचा असेल, रुंदीकरणाच्या बाबतीत तो महागात पडतो.

आता व्यायामांकडे येऊ, कारण तुमची खरी शंका तिथेच आहे. ही कल्पना नवी नाही. बोस्टनचे ऑर्थोडॉन्टिस्ट अल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्येच चेहऱ्याच्या स्नायूंना शिकवण्याचा आणि दातांच्या उपचारांचा संबंध मांडला होता. ‘मायोफंक्शनल’ हे नाव जड वाटले तरी प्रत्यक्षात जे करायचे असते ते साधे आणि कंटाळवाणे असते, आणि त्याची किंमत त्या कंटाळवाण्या नियमितपणातच आहे. सुरुवातीला मुलीला जागा ओळखायला शिकवतात. ‘न’ म्हणायला जीभ उचलली की टोक साधारण जिथे लागते, तिथे दातांच्या मागे टाळूवर सुरकुत्यांचा एक उंचवटा असतो. जीभ तिथे ठेवायची, दातांना टेकवायची नाही. मग ब्रेसेसला लावतात तसले एक छोटे रबरी कडे जिभेच्या टोकावर ठेवून ते त्या उंचवट्यावर दाबून धरायचे, दाढा मिटायच्या, ओठ मात्र हसल्यासारखे उघडे ठेवायचे आणि लाळ गिळायची. आरशासमोर हे करताना सगळे लबाड स्नायू उघडे पडतात. जीभ पुढे आली तर कडे घसरते, आणि खालचा ओठ चोरून मदतीला आला तर हनुवटीची त्वचा आकसून तिच्यावर बारीक खड्डे पडतात. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलांना हे एकदाही नीट जमत नाही आणि डोळ्यांत पाणी येते. आईने तेव्हा शेजारी बसून स्वतःही ते करून पाहावे. आपल्यालाही ते सहज जमत नाही, हे मुलीला दिसले की तिचा धीर वाढतो.

यापुढचे व्यायाम ताकदीचे असतात. पूर्ण जीभ टाळूला चोखून चिकटवायची आणि ती तशीच ठेवून तोंड जमेल तेवढे उघडायचे, ओठांत आइस्क्रीमची चपटी काडी धरून ठेवायची, चिकटवलेली जीभ ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करत सोडायची. यात जिभेखालची दोरी आखूड आहे का, तेही कळते : टोक उंचवट्यावर ठेवून तोंड एरवीच्या अर्ध्याइतकेही उघडत नसेल, तर तज्ज्ञाने ती दोरी पाहायला हवी. दोरी सोडवावी लागलीच, तर त्याच्या आधी आणि नंतर व्यायाम लागतातच, नाहीतर मोकळी झालेली जीभ जुन्याच जागी पडून राहते. शेवटचा आणि सर्वांत लांब टप्पा सवयीचा. दहा-पंधरा मिनिटे सकाळ-संध्याकाळ व्यायाम करणे सोपे आहे. अभ्यास करताना, चित्र काढताना, झोपेत जीभ आपोआप वर राहणे अवघड. त्यासाठी पाटीवर, वहीच्या मुखपृष्ठावर एक छोटे रंगीत टिकलीचे चिन्ह लावतात, आणि ते दिसले की जीभ जागेवर आहे ना, एवढे मुलीने स्वतः पाहायचे असते. घरातल्या चौघांनी दिवसभर ‘तोंड मिट’ म्हणत राहण्याने हे साधत नाही. तुमच्या घरी तसे होत असेल तर ते बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ११ वर्षांच्या मुलीला आपल्या चेहऱ्याची लाज वाटू लागली, तर ती व्यायामापासूनच पळेल.

ब्रेसेस आणि व्यायाम यांची सांगड इथे बसते. एक्सपान्डर टाळूवर असतो तोपर्यंत जिभेला तिची जागा पुरती मोकळी नसते, म्हणून त्या काळात ओठ मिटणे, नाकाने श्वास घेणे आणि जीभ उचलून धरणे यांवर भर ठेवतात. उपकरण निघाल्यावर चोखून चिकटवण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम जोरात सुरू होतात. जीभ अगदीच ऐकत नसेल तर वरच्या दातांच्या मागे तारेची एक छोटी जाळी, म्हणजे टंग क्रिब, बसवतात. ती जिभेला आठवण देते, पण शिकवत नाही. जाळी काढल्यावर कुठे जायचे ते जिभेला व्यायामानेच कळते. त्यानंतर किंवा त्यासोबत ब्रेसेस. नेमकी वेळ तिच्या दातांच्या वाढीवर ठरेल. फट बंद करण्यासाठी पुढच्या दातांना उभे रबर बँड लावतात, आणि इथे जीभ मध्ये आली तर दिवसा जीभ दात वर ढकलते आणि रबर खाली ओढते. असे वर-खाली हेलकावे खाणाऱ्या दातांच्या मुळांना झीज होण्याचा धोका वाढतो आणि उपचारही लांबतो. जीभ बाजूला झाली असेल तर हाच टप्पा पुष्कळ सुरळीत जातो.

ब्रेसेस निघाल्या की काम संपले, असे बहुतेक घरांत समजतात. प्रत्यक्षात हिरडीतले तंतू नव्या जागेला रुळायला चार ते सहा महिने घेतात आणि त्यांतले लवचीक तंतू वर्षभरानंतरही दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात, म्हणून दात नव्या जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लागतो. पण दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार दात रांगेत धरते, ती रांग वर उचलली जाणे थांबवत नाही. फट असलेल्या मुलीला केवळ तेवढ्यावर सोडू नये. काढता-घालता येणाऱ्या रिटेनरच्या प्लेटला जिभेच्या जागी एक छोटे भोक ठेवता येते, म्हणजे जीभ ती जागा शोधत राहते. व्यायाम शिकवणाऱ्यांची शेवटची भेट ब्रेसेस काढल्यानंतर सहा महिन्यांनी तरी असावी, असे मी सांगेन.

या सगळ्याला पुरावा किती, असे तुमचे यजमान विचारतील आणि विचारायलाच हवे. २०१० मध्ये अमेरिकेतील एका ऑर्थोडॉन्टिक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचारांनी बंद झालेली फट व्यायाम केलेल्या गटात सरासरी अर्धा मिलिमीटर परत उघडली होती आणि व्यायाम न केलेल्या गटात ३.४ मिलिमीटर. फरक मोठा आहे. परंतु तो अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला होता, रुग्णांची संख्या शंभराच्या आत होती आणि दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानू नये. मी तो आजवरच्या माहितीतला दिशा दाखवणारा पुरावा मानते, आणि व्यायामाने काही अपाय होत नाही, खर्चही ब्रेसेसच्या मानाने कमी असतो, म्हणून तो करण्याच्या बाजूने माझा कौल आहे.

केवळ व्यायामाने ब्रेसेस टळतील का, याचे उत्तर वयावर आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाचे दात अजून उगवत असतात. तेव्हा अंगठा सुटला, नाक मोकळे झाले आणि जीभ वर गेली, तर दात कधीकधी स्वतःच जागा घेतात. ११ वर्षांच्या, टाळू अरुंद झालेल्या मुलीत तेवढी अपेक्षा ठेवू नये. अरुंद हाड व्यायामाने रुंद होत नाही, आणि वळलेला दात जिभेने सरळ होत नाही. सेफॅलोग्राममध्ये फटीचे मूळ जबड्याच्या हाडाच्या ठेवणीत आहे असे दिसले, चेहरा खूप लांबट असला आणि आनुवंशिकताही असली, तर व्यायाम व ब्रेसेस दोन्ही मिळूनही पुरणार नाहीत आणि वाढ पूर्ण झाल्यावर हाडात बारीक स्क्रू बसवून दाढा आत दाबणे किंवा जबड्याची शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागू शकतो. हे तुम्ही आधीच विचारून घ्या, म्हणजे नंतर कोणावर राग येणार नाही.

ऑनलाइन ट्रेनर सध्या मागवू नका. अशी उपकरणे डॉक्टरही काही मुलांना देतात, पण नाक तपासून, माप पाहून आणि देखरेख ठेवून. बंद नाकाच्या मुलीला रात्री तोंडभर सिलिकॉन घालून झोपवले तर ती ते अर्ध्या रात्री काढून टाकेल, आणि तेच योग्य करेल.

व्यायाम कोणाकडे शिकायचे, हेही महत्त्वाचे आहे. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांची एमडीएस केलेले डॉक्टर उपचारांचा आराखडा ठरवतील. व्यायाम ते स्वतः, लहान मुलांचे दंततज्ज्ञ किंवा वाचातज्ज्ञ शिकवू शकतात, आणि ‘स’चा उच्चार बिघडलेला असल्यामुळे तुमच्या लेकीसाठी वाचातज्ज्ञ मला अधिक उपयोगी वाटतात. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या, आवारातच असल्यामुळे दात आणि नाक-घसा या दोन्ही विभागांच्या फेऱ्या तिथे एका दिवसात उरकता येतील. तुम्ही कोणाचेही उपचार घ्या, दोघांनाही एकमेकांचे म्हणणे कळवा. यवतमाळच्या डॉक्टरांना नाकाचा अहवाल आणि टाळू रुंद करण्याचा सल्ला दाखवला, तर ते बहुधा तो मान्य करतील, आणि मग दर महिन्याच्या तार बदलण्याच्या भेटी जवळच होतील, नागपूरला फक्त व्यायामांसाठी जावे लागेल. त्या भेटीही काही काळानंतर व्हिडिओ कॉलवर घेता येतात, कारण आरशासमोर जे पाहायचे ते पडद्यावरही दिसते.

सासूबाईंना जाऊबाईंच्या मुलाचे उदाहरण पुरेसे वाटते, ते स्वाभाविक आहे. त्यांना एवढे विचारा, की त्या मुलाचे नाक कोणी तपासले होते का, त्याची जीभ कुठे विसावते हे कोणी पाहिले होते का, आणि ब्रेसेस काढल्यावर त्याने रिटेनर किती महिने घातला. माझा अंदाज असा, की या तिन्हींपैकी दोन उत्तरे ‘नाही’ येतील. त्याचे उपचारही फुकट गेलेले नाहीत. वाढ संपत आलेली असल्यामुळे टाळू रुंद करणे आता अवघड असेल, पण दात ओळीत आलेले असतील तर नाकाची तपासणी, सहा-आठ महिने व्यायाम आणि थोड्या काळासाठी पुन्हा तार लावून त्याची फट बंद होऊ शकते आणि या वेळी ती टिकूही शकते. जाऊबाईंना राजी केलेत, तर दोन्ही मुले एकाच दिवशी नागपूरला नेता येतील, आणि व्यायामाला घरात सोबतही मिळेल.